हौद्याची निगा व मालाची बांधणी

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास पिकअपमधून धान्य पाठविताना दोन गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळतो. हौद्याचा रंग उडाला की ओल धरून पत्रा गंजतो. म्हणून गंज खरवडून रंग द्यावा, वर रबरी चटई अंथरावी व ती वरचेवर उचलून पत्रा कोरडा करावा. पोत्यांची थप्पी विटांप्रमाणे सांधेमोड करून केबिनीला भिडवावी. मागील चाकांच्या मागे भार वाढल्यास पुढील चाके हलकी होऊन गाडी ताब्यात राहत नाही. ताडपत्री पाऊस अडविते, भार नव्हे. त्यासाठी दोरखंडच हवा. पोती दबून तोही सैलावतो. यास्तव घाट उतरण्यापूर्वी तो पुन्हा आवळावा. पोते फुटल्यास हानी आपली; वळणावर पडल्यास मागून येणाऱ्याच्या प्राणांवर बेतते.