पट्टी, वायर आणि बिदागी

बंगळूरच्या चिकपेटेत दिवसभर रेशमी साड्यांचे गठ्ठे उतरतात. त्याच साड्या नेसून लोक संध्याकाळी ज्या छत्रात, म्हणजे मंगल कार्यालयात, रिसेप्शनला जातात, तिथे कोपऱ्यातल्या मंचावर आम्ही वाजवत असतो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक-तबला, बास, जमलंच तर बासरी आणि दोन-तीन गायक एवढा आमचा ऑर्केस्ट्रा. कीबोर्ड माझ्याकडे, आणि सुपारी घेण्यापासून पैसे वाटण्यापर्यंतची उस्तवारही माझ्याकडेच. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली १६३८ च्या सुमारास. तेव्हापासून इथे असल्याचं सांगणारी मराठी घरं पेठेत अजून आहेत, त्यातलंच आमचं एक शिंप्याचं. गल्लीतली पोरं विचारतात, "काका, बँडमध्ये शिरायचंय, काय करू?" त्यांना जे सांगतो ते इथे लिहितो. बोटं कशी चालवायची ते ज्याचा त्याचा गुरू शिकवेल.

१. पट्टी लिहून ठेवा. गाण्यांची यादी सगळेच करतात, तिच्यात पट्टी लिहिणारे थोडे. मूळ रेकॉर्ड कुठल्या पट्टीत आहे याला आमच्याकडे किंमत नाही, त्या संध्याकाळी गाणारा कुठे रमतो त्याला आहे. पुरुष साधारण काळी एक-काळी दोनमध्ये, बाई काळी चार-पाचमध्ये. युगुलगीतात दोघांपैकी एकाचा घसा ताणला जाणारच. कोणाचा, हे तालमीत ठरलं पाहिजे.

कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि त्याला वाटतं सगळ्यांचीच पट्टी बदलली. तिकडे बासरीवाला पिशवीतून दुसरी बासरी शोधतोय, गिटारवाला कॅपो सरकवतोय, तबलजी दुसरा तबला पुढे ओढतोय. काळी एकला लावलेला तबला हातोडीने ठोकून काळी चारपर्यंत नेता येत नाही. हट्ट केलात तर पुडी जाते. म्हणून एका पट्टीतली गाणी शक्यतो पाठोपाठ ठेवावीत. माझ्या वहीत प्रत्येक गाण्यापुढे चार रकाने आहेत: पट्टी, लय, सुरुवात कोणाची, शेवट कसा. गाणं संपलं की ट्रान्सपोज शून्यावर आणायचं, टाळ्या चालू असतानाच.

एकदा आमच्या गायिका ताईंना सर्दी होती. आधीच्या गाण्याच्या म्युझिक पीसमध्ये त्या माझ्याकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "दादा, पुढचं अर्धी खाली घ्या." मी डावा हात वर करून अंगठा खाली केला. बासवाल्याने मान हलवली. बासरीवाल्याने वाजवता वाजवताच गुडघ्याने पिशवीचं तोंड उघडलं. पुढचं गाणं काळी चारऐवजी पांढरी पाचमध्ये सुरू झालं आणि समोर रांगेत उभ्या असलेल्यांना काही कळलं नाही. अशा हातखुणा तालमीत ठरवून घ्याव्यात. माइकवर बोलून पट्टी बदलणारा बँड हौशी वाटतो, मग तो कितीही चांगला वाजवो.

२. शेवट बसवा. सुरुवात सगळ्यांनी मोबाइलवर ऐकलेली असते. रेकॉर्डवर शेवट हळूहळू विरून जातो आणि मंचावर विरता येत नाही. तिहाई घ्या, मुखडा तीनदा घ्या, काहीही करा, पण सगळ्यांनी एकच करा.

३. बास असेल तर कीबोर्डवाल्याने डावा हात खिशात घालावा. ऑक्टोपॅडचा किक, ढोलकाची धूम, बास आणि वर कीबोर्डचा डावा हात असे चौघे एकाच खड्ड्यात उतरले की समोर फक्त गडगडाट ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. नवीन मुलगा गायकाच्या दोन ओळींमधली प्रत्येक फट भरायला धावतो. ती फट गायकाला श्वास घ्यायला असते. ज्या वादकाला पुन्हा बोलावणं येतं, तो बहुतेक वेळा कमी वाजवणारा असतो. माझ्या ओळखीचा सर्वांत महागडा ऑक्टोपॅडवाला अर्धा वेळ नुसता हाय-हॅट धरून बसतो.

४. समोर कोण आहे ते पाहून यादी फिरवा. चिकपेटेत हा मुद्दा लांबवावा लागतो. मारवाड्यांचं महिला संगीत असेल तर राजस्थानी आणि जुनी हिंदी. तेलुगू-तमिळ घरांत इळयराजा एकही न वाजवता उठलात तर नवरीचा मामा स्वतः येऊन विचारेल. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भावगीत हवं. आणि एकादशीच्या भजनाला अभंगाबरोबर पुरंदरदासही हवेत. गदगचे भीमसेन जोशी संतवाणी आणि दासवाणी दोन्ही गायचे, त्यामुळे पेठेतल्या म्हाताऱ्यांना यात काही वेगळं वाटत नाही. एकच वाजवलंत तर मात्र वाटतं.

कन्नडला पर्याय नाही. गणपतीत आणि १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवापासून पुढे महिनाभर गल्लोगल्ली मंच पडतात. तिथे कन्नड सिनेमाचे डॉ. राजकुमार यायलाच हवेत. आधी त्यांच्यासाठी पी. बी. श्रीनिवास गायचे. १९७४ च्या 'संपत्तिगे सवाल'मधल्या म्हशीवरच्या गाण्यापासून राजकुमार स्वतःचा आवाज देऊ लागले, ते गाणं आजही मागितलं जातं. १९९३ च्या 'आकस्मिक'मधलं कन्नड नाडूवरचं गाणं शेवटी ठेवा. मध्ये घेतलंत तर त्यापुढे काही टिकत नाही. राज्योत्सवाला सुरुवात कुवेंपूंच्या नाडगीताने, म्हणजे राज्यगीताने होते. सरकारने २०२२ मध्ये त्याला म्हैसूर अनंतस्वामींची चाल आणि अडीच मिनिटांची वेळ ठरवून दिली. तेवढंच आणि तसंच वाजवा. तिथे स्वतःची हार्मनी लावायचा मोह आवरावा.

आमच्यासारख्यांना एक गाणं देवाने पाठवल्यासारखं मिळालं: झिंगाट. 'सैराट' २०१६ चा, आणि २०१७ मध्ये त्याचा कन्नड 'मनसु मल्लिगे' आला तो अजय-अतुलच्या त्याच चालींवर. एक कडवं मराठीत, एक कन्नडमध्ये घेतलं की पाहुण्यांतले दोन्हीकडचे नाचतात. एवढी सोय दुसऱ्या गाण्यात नाही. फक्त ते लवकर वाजवू नका, जेवणाच्या पंगती रिकाम्या होतात आणि स्वयंपाकी चिडतात.

बंगळूरच्या रिसेप्शनची एक गंमत बाहेरच्या वादकाला कळत नाही. इथे रिसेप्शन बहुधा लग्नाच्या आदल्या संध्याकाळी असतं. लोक फोटोसाठी रांगेत उभे राहतात, पाकीट देतात, आणि थेट ऊटाला, म्हणजे जेवायला जातात. टाळी वाजवायला हात मोकळा नसतो. पहिला तास कोणी ऐकत नाही असं धरून मंद, सुरेल वाजवत राहा. रांग ओसरली की पुढच्या खुर्च्यांवर तरुण मंडळी येतात आणि "सार, इन्नोंदु हाडू" (अजून एक गाणं) सुरू होतं. खरा कार्यक्रम तिथून.

५. वायर स्वतःची. एस. पी. रोड हाकेच्या अंतरावर असताना भाड्याच्या जॅकवर विसंबू नये. चांगली केबल मीटरवर घ्या, जॅक वेगळे घ्या, स्वतः सोल्डर करा. मंचावर बंद पडणारी गोष्ट बहुतेकदा वायर असते, महागडा कीबोर्ड क्वचित. प्रत्येक वायरीला रंगीत टेप लावा, कार्यक्रमानंतर स्वतःची मोजून घ्या. हाताच्या कोपराभोवती पीळ देऊन गुंडाळणाऱ्याला माझ्या वायरींना हात लावू देत नाही, आतल्या तारा तुटतात. बॅगेत टेस्टर, फ्यूज, वायरलेस माइकचे जादा सेल, चिकटपट्टी आणि कपड्यांचे चिमटे हवेत. उघड्या मंडपात वारा सुटला की वहीची पानं चिमटेच धरतात.

वीज हा वेगळा विषय. गल्लीतल्या मंडपाला वीज कुठून ओढली आहे ते आधी बघा. अर्थिंग नसेल तर स्पीकरमधून घूंऽऽ येतं, तो आवाज म्हणजे तक्रार समजा. गिटारच्या तारांना हात आणि माइकला ओठ एकाच वेळी लागले तर झटका बसतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. माइकच्या जाळीला आधी टेस्टर लावायचा, मग गायचं. एका मंडळाच्या मंचावर टेस्टर पेटला तेव्हा आम्ही वाजवायला नकार दिला. कार्यकर्ते तापले, इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तासभर गेला. त्या तासाचे पैसे कापले गेले, ते वसूल झाले असंच मी धरतो. जनरेटरवर व्होल्टेज डुलतं, त्यामुळे कीबोर्डपुरता छोटा यूपीएस ठेवा.

६. साउंडवाल्याचं नाव विचारा आणि त्याला आपल्याबरोबर जेवायला बसवा. आपला आवाज त्याच्या बोटांत असतो. मॉनिटरमध्ये स्वतःचं ऐकू येत नसेल तर "मला वाढव" म्हणण्याआधी "बाकीचं कमी कर" म्हणून बघा. सगळ्यांनी वाढवून मागितलं की अर्ध्या तासात शिट्टी सुरू होते. ८५ डेसिबलला आठ तास कानाला चालतात; पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पाव तास. गणपतीच्या मंचावर आपण तीन-तीन तास त्याच्याच आसपास बसतो. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग येतात, पहिल्या पगारातून तेच घ्या. माझ्या पिढीतल्या कित्येकांना आता घरात बायको काय म्हणते ते ऐकू येत नाही. काहींना ही सोय वाटते, पण तानपुराही ऐकू येत नाही.

७. दहाला थांबा. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगतात. सरकार वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सूट देतं, त्या दिवसांत आजचा दिवस आहे का हे आयोजकाकडून कागदावर बघून घ्या. पोलीस आला की आयोजक सापडत नाही, सामान मात्र आपलं सापडतं. पावणेदहाला शेवटचं गाणं हातात हवं. शिवाय गायकांना शेवटची मेट्रो गाठायची असते.

८. वाट द्या. चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मराय देवळातून करगाची मिरवणूक निघते, पेठेतून फिरते, कॉटनपेटच्या मस्तान साहेबांच्या दर्ग्यालाही जाते. त्या रात्री कुठलीही पालखी समोर आली की ओळ अर्धी असली तरी हात उचला. वऱ्हाडाबरोबर येणाऱ्या ब्रास बँडलाही तोच मान. त्यांचे ट्रंपेट काळी पाचचे, तुम्ही काळी एकमध्ये, दोन्ही एकदम वाजले तर नवरदेवाचा घोडाही बिथरतो. त्यांची शेवटची धून संपू द्या. बाहेर दोन तास चालत वाजवून आलेली माणसं आहेत ती. आपण पंख्याखाली बसलेलो असतो.

९. बिदागीचं आधी बोला. सुपारी घेताना मोबाइलवर पाच गोष्टी लिहून पाठवा: किती वाजता ते किती वाजता, किती माणसं, साउंड आणि जनरेटर कोणाचा, सामानाची गाडी कोणाची, जेवण कधी. गाडीचं आवर्जून लिहा. चिकपेटेच्या गल्लीत दिवसा छोटा हत्तीसुद्धा शिरत नाही, शेवटचा टप्पा हमालाच्या डोक्यावरून होतो आणि ती हमाली कोणी द्यायची यावर मी लग्नघरं भांडताना पाहिली आहेत. विसार घेतल्याशिवाय तारीख धरू नका. तारीख रद्द झाली तर विसार परत नाही, हेही त्याच निरोपात लिहा.

गायकांना जास्त, वादकांना कमी ही रीत आहे. मला ती पटत नाही, पण मोडता आलेली नाही. एवढं पाळतो की साथीदारांची नाईट, म्हणजे त्या कार्यक्रमाची बिदागी, त्याच रात्री, गाडीत सामान चढायच्या आधी त्यांच्या हातात जाते, आयोजकाने मला दिली असो वा नसो. 'सोमवारी देतो' म्हणणाऱ्याचा ऑर्केस्ट्रा पुढच्या सीझनला फुटतो. नवीन मुलांना आणखी एक: बक्षिसाच्या नोटा एकाच डब्यात पडाव्यात आणि सारख्या वाटाव्यात.

गाण्यांच्या परवान्याचा प्रश्न हल्ली हॉटेलवाले काढतात. लग्न आणि लग्नातल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे. तिकीट लावून केलेल्या न्यू इयरच्या कार्यक्रमाला नाही. तिथला परवाना आयोजकाने काढायचा, हेही लिहून घ्या.

१०. मोकळे महिने ओळखून ठेवा. महाराष्ट्रात चातुर्मासात लग्नं थांबतात. इकडे आषाढ कोरडा जातो आणि श्रावण लागला की छत्रं पुन्हा भरतात. पितृपक्ष कोरडा, धनुर्मास कोरडा. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांच्या पंचांगावर विसंबून श्रावणात गावी गेलात तर तुमच्या जागी दुसरा बसलेला असेल. घरखर्चाला शिकवण्या किंवा दुसरं काम हवंच; आमचा बासवाला सकाळी लग्नपत्रिकांच्या दुकानात बसतो आणि मुहूर्त आमच्याआधी त्याला कळतात, तारखा तिथूनच मिळतात. आषाढात नवीन गाणी बसवा, जॅक पुन्हा सोल्डर करा, तबल्याची पुडी आणि पेटीचा भाता बाळेपेटच्या वाद्यांच्या दुकानात पहिल्याच आठवड्यात टाका. उशीर केलात तर कारागीर मान वर न करता "नाळे बन्नी" म्हणतो, आणि त्याचं 'उद्या या' गणपती बसेपर्यंत चालतं.