पंचविशी उलटल्यावर ओढ ओसरते तेव्हा



लग्नाची २५ किंवा ५० वर्षे पूर्ण झालेली जोडपी मिस्साच्या वेळी वेदीसमोर उभी राहतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि आपण सारे टाळ्या वाजवतो. तो आनंद खराच असतो. पण त्यातल्या काही जोडप्यांच्या मनात एक गोष्ट असते, जी ती फादरांनाही सांगत नाहीत आणि एकमेकांनाही सांगत नाहीत. जोडीदाराविषयी माया आहे, काळजी आहे, पण शरीराची ओढ उरलेली नाही.

कुटुंब मंडळाच्या कामानिमित्त लोकांशी बोलताना हा विषय आमच्यापुढे आडवळणाने येतो. बायको म्हणते, "ह्यांचं माझ्याकडे लक्षच नसतं." नवरा म्हणतो, "आता वय झालं, तसलं काही राहिलं नाही," आणि विषय बदलतो. बोलणे तेवढ्यावरच थांबते. म्हणून या रविवारी आपण या विषयाकडे संकोच न करता, पण मर्यादा राखून पाहू या.

१. ओढ ओसरणे हे पाप नव्हे

पहिली गोष्ट, मनात उठणारी किंवा मावळणारी भावना हे स्वतःहून पापही नाही आणि पुण्यही नाही. ख्रिस्तसभेची शिकवण तशीच आहे. त्या भावनेला आपण काय उत्तर देतो, त्याचा हिशेब देवापुढे होतो. पोट सुटले, केस गेले, आजारपणाने अंग उतरले आणि त्यामुळे जोडीदाराला पूर्वीसारखे वाटेनासे झाले, तर त्याने स्वतःला दोषी ठरवत बसू नये.

लग्नाच्या दिवशी आपण वेदीसमोर जे वचन दिले तेही आठवावे. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात विश्वासू राहू, प्रेम करू, मान राखू, असे आपण म्हटले. 'मला तू नेहमी आजच्यासारखीच सुंदर वाटशील' असे वचन कुणी दिले नव्हते. भावना कोणालाच बांधून ठेवता येत नाही. प्रेम आणि मान मात्र देता येतो, आणि ठरवून देता येतो.

२. 'देव अंतःकरण पाहतो' एवढ्याने भागत नाही

अशा वेळी आपण पटकन सांगतो, "रूपाचे काय घेऊन बसलात? देव अंतःकरण पाहतो." शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातले (१६:७) हे सत्य आहेच. पण जिच्याकडे नवरा वर्षभरात एकदाही प्रेमाने वळून पाहत नाही, तिचे अश्रू या वाक्याने पुसले जात नाहीत. तिला देवाने तर पाहावेच, पण नवऱ्यानेही पाहावे असे वाटते, आणि त्यात काही चूक नाही.

बायबल शरीराला तुच्छ मानत नाही. गीतरत्नात प्रियकर आणि प्रेयसी एकमेकांच्या रूपाचे मोकळेपणाने कौतुक करतात. नीतिसूत्रे (५:१८) पुरुषाला तारुण्यातल्या पत्नीच्या ठायीच आनंद मानायला सांगते. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात आपल्या बुधवारच्या प्रवचनांतून मानवी देहाच्या अर्थावर सविस्तर शिकवण दिली. पती-पत्नींनी एकमेकांना देहानेही स्वतःचे दान करावे, हे तिचे सार आहे. तेव्हा 'आपण श्रद्धावंत आहोत, आपल्याला असले प्रश्न नसावेत' असे कुणी समजू नये.

३. आधी कारण शोधा

ओढ कमी झाली म्हणजे प्रेम संपले, असा निष्कर्ष घाईने काढू नये. पुष्कळदा कारण शरीरात असते. साधारण ४५ ते ५५ या वयात स्त्रियांची पाळी जाते. तेव्हा झोप बिघडते, अंगातून गरम वाफा येतात, कोरडेपणामुळे संबंध दुखरे होतात. ती दूर सरकते ती दुखते म्हणून, आणि नवऱ्याला वाटते की तिला आपण नकोसे झालो. पुरुषांमध्ये मधुमेहामुळे लैंगिक क्षमता कमी होऊ शकते. तो लाजेने पाठ फिरवून झोपतो, आणि बायकोला वाटते की आपण म्हाताऱ्या दिसू लागलो. रक्तदाबाची आणि नैराश्याची काही औषधे, थायरॉइडचा विकार, दारू, अपुरी झोप यांनीही इच्छा मंदावते.

यातल्या पुष्कळ गोष्टींवर उपचार आहेत. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, शक्य तर दोघांनी मिळून जावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि कारण शरीरात नसेल, तर घरात शोधावे. पहाटेची लोकल, रात्री उशिरा परतणे, मुलांच्या फिया, म्हातारे सासू-सासरे, जुने न मिटलेले भांडण. ज्या माणसावर मनात राग साठला आहे, त्याची ओढ कशी वाटणार? तिथे डॉक्टरांचे औषध उपयोगी पडत नाही. तिथे क्षमा मागावी आणि द्यावी लागते.

४. सत्य बोलावे, पण घाव घालू नये

"तू मला आता आवडत नाहीस" हे वाक्य एकदा उच्चारले की परत घेता येत नाही. ते प्रामाणिकपणाच्या नावाखालीही बोलू नये. त्याऐवजी असे म्हणता येईल : "आपण दोघे फार लांब गेलो आहोत असं मला वाटतं. मला पुन्हा जवळ यायचं आहे. काय करू या?" यात खोटे काही नाही, आणि यातून दार उघडते.

दुसरे, ही गोष्ट आधी जोडीदाराशी बोलावी. मित्राजवळ, बहिणीजवळ किंवा ऑफिसातल्या सहानुभूती दाखवणाऱ्या व्यक्तीजवळ आधी बोलू नये. पुष्कळ घरे अशा सहानुभूतीतूनच मोडली आहेत. तिसरे, चारचौघांत जोडीदाराच्या वजनावर, टकलावर, वयावर विनोद करणे थांबवावे. लग्नाच्या मांडवात सगळे हसतात, तीही हसते. पण घरी गेल्यावर ती आरशासमोर उभी राहते, तेव्हा तिच्याबरोबर हसायला कोणी नसते.

५. रोजच्या चार सवयी

ओढ आपोआप येते असे आपण समजतो. पण लक्ष गेले की ओढही जाते, आणि लक्ष परत दिले की पुष्कळदा तीही परत येते.

- रोज एकदा जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहून बोलावे, टीव्हीकडे किंवा मोबाईलकडे पाहून नव्हे.
- मायेचा स्पर्श बंद करू नये. हात हातात घेणे, खांद्यावर हात ठेवणे यामागे दुसरी कोणतीही अपेक्षा नसावी.
- मॅरेज एन्काउंटरमध्ये शिकवतात त्याप्रमाणे दहा मिनिटे एकमेकांना लिहावे आणि दहा मिनिटे त्यावर बोलावे. तोंडाने जे निघत नाही ते कागदावर निघते.
- पडद्यावरच्या शरीरांशी जोडीदाराची तुलना करू नये. अश्लील चित्रे पाहणारा डोळा घरातल्या माणसाला पाहणे विसरतो. मत्तय ५:२८ मध्ये प्रभू येशूने डोळ्यांविषयी दिलेला इशारा आज खिशातल्या मोबाईललाही लागू आहे.

स्वतःच्या आरोग्याकडे व नीटनेटकेपणाकडे लक्ष देणे हाही जोडीदाराचा मान राखण्याचाच भाग आहे. मात्र ही अपेक्षा एकट्या बायकोकडून ठेवणे अन्यायाचे होईल.

६. ज्याच्याकडे पाठ फिरवली जाते त्याच्यासाठी

दूर सारल्या गेलेल्या जोडीदाराने 'माझ्यातच काही कमी आहे' असे मानू नये. तुमची किंमत कुणाच्या नजरेवर ठरलेली नाही. त्याचबरोबर, जवळीक हक्काने ओरबाडून घ्यायची वस्तू नाही. संत पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (७:३-५) पती-पत्नींनी एकमेकांना अंतर देऊ नये असे सांगतात, पण तो हक्क दोघांचा सारखाच मांडतात आणि परस्पर संमतीचा उल्लेख करतात. पोप संत पॉल सहावे यांनी १९६८ च्या 'हुमाने विते' या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की, जोडीदाराची अवस्था आणि इच्छा न पाहता लादलेला संबंध हे प्रेमाचे कृत्य नव्हे.

आणि घरात मारहाण किंवा छळ असेल, तर तो 'ओढ ओसरण्याचा' प्रश्न नाही. तिथे गप्प राहून सोसणे हा धर्म नव्हे. धर्मगुरूंना सांगावे, समुपदेशकाची आणि गरज पडल्यास कायद्याची मदत घ्यावी.

७. ओढीचे रूप बदलते

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतिशिया' म्हणजे 'प्रेमाचा आनंद' या पत्रात याच विषयाला हात घातला. आयुष्य लांबले आहे, त्यामुळे वचन अनेक दशके पाळावे लागते आणि ते पुन्हा पुन्हा नव्याने द्यावे लागते, असे ते सांगतात. शरीर बदलते, पण आपण प्रेम करतो ते केवळ शरीरावर नसून त्या संपूर्ण व्यक्तीवर करतो, हा त्यांचा मुद्दा आहे.

संत लुई आणि संत झेली मार्टिन हे लहान संत तेरेजाचे आईवडील. २०१५ साली ते दोघे एकत्र संत म्हणून घोषित झाले. त्यांचा विवाह १८५८ साली झाला. झेलीला स्तनाचा कर्करोग झाला आणि १८७७ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी ती वारली. लग्नाला १५ वर्षे झाली तरी प्रवासातून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत ती घरी त्याच्याजवळ परतण्याची ओढ लपवत नाही. लेस विणणारी, मुलांच्या मृत्यूंनी पोळलेली ही बाई, आणि तरी नवऱ्याला 'तुझी आठवण येते' हे सांगायला ती विसरली नाही.

आम्ही असे वचन देत नाही की प्रत्येक घरात पूर्वीची ओढ परत येईल. काही घरांत ती येणार नाही. मग तो क्रूस दोघांनी मिळून वाहावा. औषधाची गोळी आठवणीने हातावर ठेवणारा, रात्री पांघरूण सारखे करणारा हातही विवाहाच्या संस्काराचेच काम करीत असतो. ओढ कमी झाली तरी घर टिकते. अबोला आणि तुच्छता मात्र घराला आतून पोखरते, म्हणून त्यांना घरात थारा देऊ नये.

दोघांनी मिळून विचार करण्यासाठी

१. गेल्या आठवड्यात मी जोडीदाराचे कौतुक कधी केले?
२. कोणती गोष्ट मी त्याला किंवा तिला सोडून इतरांना सांगतो?
३. डॉक्टरांकडे जाण्याचे आपण काय टाळत आहोत?
४. कोणत्या जुन्या रागाची क्षमा अजून राहिली आहे?

प्रार्थना

हे प्रभू येशू, काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा तुझ्या आईने ते ओळखले आणि तुला सांगितले. आमच्या घरात जे संपले आहे ते आम्हीही आज तुझ्यापुढे ठेवतो. आमचे रांजण पाण्याने भरण्याचे काम आम्ही करू. पुढचे तू कर. आमेन.