धोंडू नाव ठेवावं का?

प्रश्न : सासूबाईंना बाळाचं नाव पणजोबांवरून धोंडू ठेवायचंय. अर्थ दगडच ना?
– एक वाचक, कोपर (डोंबिवली)

उत्तर : दगडच! पण त्यात हेटाळणी नाही. देवीच्या साथीत आधीची मुलं दगावली की पुढच्याला मुद्दाम असं टाकाऊ नाव ठेवत. म्हणजे दृष्ट लागणार नाही, काळ ढुंकून बघणार नाही. दगडू, केरू, भिकू ही त्याचीच भावंडं. आणि नाव फक्त गरिबाघरचंही नव्हे. सत्तावन्नच्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. महर्षी कर्वेही धोंडोच. जन्म १८५८चा, भारतरत्न १९५८ला, वयाच्या शंभरीत! पाळण्यात खुशाल धोंडू ठेवा. दाखल्यावरचं नाव मात्र आईबापांनी निवडावं, शाळेतली चिडवाचिडवी सासूबाईंना सोसायची नाही.