दया म्हणजे पांघरूण नव्हे



१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बालन्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन दिला. अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिणे ही त्यातील एक अट होती. लोक संतापले, तेव्हा त्याला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

‘गरिबाच्या मुलाला एवढी सवलत मिळाली असती का?’ हा प्रश्न रास्तच आहे. परंतु त्यासाठी कायद्यातील दयाच काढून टाकावी काय?

२०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मंडळावर एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात. मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेषगृहात ठेवता येते. सोळा वर्षे पूर्ण केलेल्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याचा विचार केवळ अतिगंभीर गुन्ह्यांतच होतो. मूल अजून घडत आहे, ते सुधारू शकते, हा या कायद्याचा पाया आहे. ख्रिस्तसभेलाही हे परके नाही. २०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालबंदीगृहात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले.

मात्र दया म्हणजे पांघरूण नव्हे. प्रभू येशू जक्कयच्या घरी गेला, तेव्हा जक्कयने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले (लूक १९). पापनिवेदनातही पश्चात्ताप, कबुली व प्रायश्चित्त लागतेच. या प्रकरणात मुलाच्या रक्ताचा नमुना बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण जे वडीलधारे मुलाचा अपराध लपवतात, ते त्याची सुधारण्याची वाटच बंद करतात, असे आम्हांला वाटते.

आपल्या मुळशीत, पौड रस्त्यावर, परवाना नसलेली मुले दुचाकी पळवताना आपण रोज पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा गुन्ह्यात पालकाला वा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. किल्ली कोण देते?

चिंतनासाठी : माझ्या मुलाने चूक केली, तर मी त्याला प्रथम वाचवीन, की प्रथम खरे बोलायला लावीन?