मोटारीचे इंजिन : हवेचा मार्ग, धुराचा मार्ग आणि जुळणी

मोटारगाडी ही आता केवळ शहरातील चैनीची वस्तू राहिलेली नाही. गोव्यातील खेडोपाडी शिक्षक, शेतकरी व व्यापारी यांच्या दारी ती उभी दिसते. गाडीबरोबर एक नवी हौसही आली आहे. कारखान्यातून आलेले एअर फिल्टर व सायलेन्सर काढून बाजारातील निराळे भाग बसवावयाचे आणि इंजिनची शक्ती वाढवावयाची, ही ती हौस होय. या भागांचे कार्य काय, ते बसविताना कोणती दक्षता घ्यावी आणि कायद्याची मर्यादा कोठे येते, हे वाहनधारकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

इंजिनला लागणारी हवा

पेट्रोल इंजिनात शोषण, संपीडन, ज्वलन व निष्कासन या चार क्रिया क्रमाने घडतात. एक किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते. १,००० घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असेल व प्रत्येक वेळी पूर्ण भरत असेल, तर ते मिनिटाला १,५०० लिटर हवा ओढते. हवा थंड असेल तर ती दाट असते. आपल्याकडील तपमानात हवा सुमारे ३ अंश सेल्सिअसने थंड झाली, तर तिची घनता साधारणतः एक टक्क्याने वाढते. म्हणूनच इंजिनच्या उष्णतेपासून दूर, बाहेरची हवा घेणाऱ्या नळ्या विकल्या जातात.

परंतु अशी नळी फार खाली बसविली, तर पावसाळ्यात रस्त्यावर साचलेले पाणी तीतून आत ओढले जाण्याचा धोका असतो. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरताच कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. तेल लावलेल्या कापडी फिल्टरमध्ये तेल अधिक झाल्यास हवा मोजणाऱ्या संवेदकावर त्याचा थर बसून मोजणी चुकते, हेही ध्यानात ठेवावे.

सायलेन्सर व शोधक

जळलेला वायू मॅनिफोल्डमधून शोधकात म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये व तेथून सायलेन्सरमध्ये जातो. शोधकातील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंमुळे विषारी वायूंचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. नळी जितकी रुंद तितकी शक्ती अधिक, हा समज बरोबर नाही. नळी प्रमाणाबाहेर रुंद केल्यास वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर इंजिनची ओढ घटते. चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना याचा प्रत्यय येतो. आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली, असे मुळीच नाही.

बसविताना घ्यावयाची दक्षता

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. भक्कम स्टँडचा आधार द्यावा. जोडांवरील गॅस्केट नवीन घालावे व बोल्ट एका बाजूने न आवळता सर्व बाजूंनी थोडेथोडे आवळावेत. त्यानंतर इंजिन मोकळ्या जागेत चालवून जोड तपासावेत. गळक्या जोडातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. तो गाडीत साठल्यास प्राणावर बेतते.

जुळणीचा क्रम

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत प्रथम व्हॉल्व्हचे अंतर, मग प्लग व पॉइंट, त्यानंतर ठिणगीची वेळ आणि शेवटी कार्ब्युरेटर, असा क्रम पाळावा. ठिणगी बरोबर नसताना कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरविणे व्यर्थ होय. नव्या गाडीत हे काम संगणक करतो. धुराच्या नळीतील प्राणवायूच्या संवेदकाकडून सूचना घेऊन तो इंधन कमीजास्त करतो, परंतु त्यालाही मर्यादा आहेत. पूर्ण वेगात इंधन कमी पडले, तर उष्णता वाढून पिस्टन वितळू शकतो. इंधन अधिक झाले, तर प्लग काजळतात व शोधक बिघडतो. म्हणून उपकरणांवाचून, केवळ कानाच्या अंदाजाने जुळणी करू नये.

कायद्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा असाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा ठरविण्यात आल्या. ध्वनी व धूर यांची मानके मोडल्यास पहिल्या अपराधास १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही तीत आहे. शर्यतीसाठी सिद्ध केलेली गाडी बंदिस्त धावपट्टीवरच चालवावी.

मग सामान्य वाहनधारकाने काय करावे? फिल्टर वेळेवर बदलावा, गळके जोड दुरुस्त करावेत, गंजलेला सायलेन्सर त्याच मापाचा व मान्यताप्राप्त घ्यावा आणि धुराची तपासणी मुदतीत करून घ्यावी. एवढ्यानेच पुष्कळ गाड्यांची हरवलेली शक्ती परत येते. शाळेजवळून वा रुग्णालयावरून जाणारी गाडी कोणाची झोप न मोडता पुढे जावी, यातच मालकाची खरी शोभा आहे.