थांबलेल्या टरबाइनाला फिरते ठेवणारी यंत्रणा

गोव्यातील एखाद्या वाड्यावरच्या घरात तिन्हीसांजेला दिवा लागतो, तेव्हा त्या दिव्यापर्यंत पोहोचलेली वीज बहुधा शेकडो किलोमीटरांचा प्रवास करून आलेली असते. गोव्यात कोळशावर चालणारे मोठे वीज केंद्र नाही. राज्याला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल, तेलंगणातील रामगुंडम यांसारख्या केंद्रांतून येत आला आहे. अशा केंद्रातील एखादा संच बंद पडल्याचे वृत्त येते आणि त्यापाठोपाठ दोष दूर झाल्याचेही कळते. तरीही संच पुन्हा चालू होण्यास कित्येक तास लागतात. दोष दूर झाला असेल, तर बटण दाबताच यंत्र का सुरू होऊ नये, असा प्रश्न सामान्य माणसाच्या मनात उभा राहतो. हा प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग टरबाइनाच्या बाजूला बसविलेल्या एका लहानशा यंत्रणेशी निगडित आहे. ही यंत्रणा वीज निर्माण करीत नाही. थांबलेल्या टरबाइनाचा दंड अगदी सावकाश फिरवत ठेवणे, एवढेच तिचे काम. वीज केंद्रातील कामगार तिला 'बॅरिंग गिअर' किंवा 'टर्निंग गिअर' म्हणतात.

तापलेला दंड

कोळशाच्या उष्णतेने बाष्पित्रात पाण्याची वाफ होते आणि ती वाफ टरबाइनाच्या पात्यांवर सोडली जाते. सर चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ साली इंग्लंडमध्ये पहिले व्यवहारोपयोगी वाफ टरबाइन तयार केले. तेव्हापासून मूळ तत्त्व तेच राहिले आहे. मात्र आकार आणि तापमान यांत प्रचंड वाढ झाली. भारतातील २१० किंवा ५०० मेगावॉट क्षमतेच्या संचात येणाऱ्या वाफेचे तापमान ५३५ ते ५४० अंश सेल्सिअस असते. टरबाइनाचे निरनिराळे विभाग आणि वीज निर्माण करणारे जनित्र यांचे दंड एकमेकांना जोडून एकच लांब, अनेक टन वजनाचा दंड तयार झालेला असतो. तो धारव्यांवर, म्हणजे बेअरिंगवर टेकलेला असून मिनिटाला ३,००० फेरे या गतीने फिरतो. आपल्याकडील विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने ठेवायची असल्यामुळे ही गती ठरलेली आहे.

दंडावरील पाती आणि बाहेरील स्थिर कवच यांच्यामधून वाफ वाया जाऊ नये म्हणून तेथे अडसर-कडी बसविलेली असतात. दंड आणि ही कडी यांच्यातील अंतर अनेक ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. एवढ्या अरुंद जागेतून एवढा अवजड दंड एवढ्या वेगाने फिरतो, कारण तो अगदी सरळ असतो. तो सरळ राहणे यावरच संचाचे आयुष्य अवलंबून असते.

वाक कसा येतो

संच बंद केला की वाफेचा पुरवठा थांबतो. दंडाची गती हळूहळू कमी होते व साधारणतः अर्ध्या-पाऊण तासाने तो स्थिर होण्याच्या बेतास येतो. परंतु धातूतील उष्णता एवढ्या वेळात निघून जात नाही. जाड कवच आणि त्यावरील उष्णतारोधक आवरण यांमुळे आतील भाग निवण्यास कित्येक दिवस लागतात.

या काळात कवचाच्या आत उरलेली वाफ व हवा यांच्यातील उष्ण भाग वर चढतो आणि थंड भाग खाली राहतो. दंड एकाच स्थितीत स्थिर राहिला, तर त्याची वरची बाजू अधिक तप्त आणि खालची बाजू कमी तप्त अशी अवस्था होते. तापलेला धातू प्रसरण पावतो, हे प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यासही ठाऊक असते. वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा लांब झाली की दंडाला कमानीसारखा वरच्या दिशेने वाक येतो.

निखाऱ्यांवर मक्याचे कणीस भाजणारी गृहिणी ते सतत फिरवत राहते. एकाच बाजूने ठेवले, तर ती बाजू करपते व दुसरी कच्ची राहते. फिरत्या कणसाला सर्व बाजूंनी सारखी आच लागते. टरबाइनाचा दंड सावकाश फिरवत ठेवण्यामागील तत्त्व याहून वेगळे नाही. फिरत्या दंडाची कोणतीही एक बाजू सतत वर राहत नाही. त्यामुळे तो सर्व बाजूंनी सारखा निवतो व सरळ राहतो.

दीर्घकाळ बंद असलेल्या थंड संचातही या यंत्रणेची गरज असते. अवजड दंड दोन धारव्यांच्या मध्ये स्वतःच्या भाराने किंचित झुकलेला असतो. एकाच स्थितीत फार काळ राहिल्याने आलेला असा झोल काढून टाकण्यासाठी, वाफ सोडण्यापूर्वी काही तास दंड सावकाश फिरवून घ्यावा लागतो.

केसाच्या जाडीचा प्रश्न

हा वाक किती असू शकतो, याचा अंदाज साध्या गणिताने घेता येतो. पाच मीटर लांब व साठ सेंटिमीटर व्यासाचा पोलादी दंड घेतला आणि त्याच्या वरच्या व खालच्या बाजूंच्या तापमानात केवळ १० अंशांचा फरक मानला, तरी मध्यभागी सुमारे ०.६ मिलिमीटर वाक येतो. डोळ्यांना तो जाणवणारही नाही. परंतु जेथे मोकळी जागाच मिलिमीटरहून कमी आहे, तेथे तो दंडाला कड्यांवर घासण्यास पुरेसा असतो.

असा दंड वेगाने फिरविला, तर संकट अधिकच वाढते. वजनाचा मध्य फिरण्याच्या आसापासून जेवढा सरकतो, तेवढे बाहेर खेचणारे बल निर्माण होते. आणि ते बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला ३,००० फेरे या गतीला हा मध्य एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाने, म्हणजे जाड केसाच्या जाडीएवढाच सरकला, तरी निर्माण होणारे बल त्या दंडाच्या स्वतःच्या वजनाएवढे असते. ते दर सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत धारव्यांना हादरे देते. मिनिटाला ३ फेरे या गतीला मात्र हेच बल दहा लाखांश भागाएवढे उरते. वाकलेला दंडसुद्धा सावकाश फिरविणे म्हणूनच सुरक्षित ठरते.

घासण्याचा आणखी एक दुष्परिणाम आहे. दंडाचा जो भाग घासतो तो तापतो. तापल्याने त्याच दिशेने वाक वाढतो. वाक वाढल्याने घर्षण अधिक होते. अमेरिकेतील अभियंते बर्ट न्यूकर्क यांनी १९२६ साली या दुष्टचक्राचे विवेचन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. या चक्रात सापडलेल्या दंडाला कायमचा वाक येऊ शकतो. मग संच उघडून दंड कारखान्यात न्यावा लागतो आणि वीजनिर्मिती महिनोन्‌महिने थांबते.

यंत्रणेची रचना

दंड सावकाश फिरविण्याच्या निरनिराळ्या पद्धती रूढ आहेत. सर्वांत परिचित पद्धतीत एक विद्युत् मोटर असते. तिचा वेग दंतचक्रांच्या साहाय्याने कमी केला जातो आणि शेवटचे लहान दंतचक्र मुख्य दंडाच्या जोडावर बसविलेल्या मोठ्या दंतचक्रात गुंतते. वेग जितका कमी होतो, तितका पीळ वाढतो. म्हणून एक लहान मोटरही कित्येक टनांचा दंड फिरवू शकते. भारतातील जुन्या, रशियन घाटाच्या २१० मेगावॉट संचांत दंडाची ही गती मिनिटाला सुमारे साडेतीन फेरे एवढीच असते.

येथे एक धोका संभवतो. वाफ सोडल्यावर मुख्य दंड वेग घेतो. त्या वेळी लहान दंतचक्र गुंतलेलेच राहिले, तर ते आणि त्याची मोटर यांच्या ठिकऱ्या उडतील. यास्तव ते दंतचक्र मळसूत्री आट्यांवर सरकणारे केलेले असते. मोटर दंडाला फिरवीत असते तोवर ते गुंतून राहते. दंड मोटरीपेक्षा वेगाने धावू लागताच आट्यांवरून मागे ढकलले जाऊन आपोआप सुटते आणि मोटर बंद होते. सायकल उतारावर आपोआप धावू लागली असता पायडल स्थिर राहते व चाक मोकळे फिरते, त्याच धर्तीची ही सोय आहे.

दुसरी पद्धत जर्मन घाटाच्या ५०० मेगावॉट संचांत आढळते. तेथे दंतचक्रे नसतात. दंडावर लहान पात्यांचे एक चक्र असते व त्यावर दाबाखालील तेलाचे झोत सोडले जातात. या पद्धतीत दंड मिनिटाला ८० ते १२० फेरे घेतो. अधिक गतीमुळे आतील हवा व वाफ ढवळली जाते आणि कवचाच्या वरच्या व खालच्या भागांतील तापमानाचा फरकही कमी होतो.

काही वायू टरबाइनांत तिसरी पद्धत योजतात. तेलाच्या दाबाने चालणारा दट्ट्या खिटीच्या साहाय्याने खाचांच्या चक्राला ठराविक वेळाने पुढे ढकलतो. दंड अखंड फिरत नाही, तर टप्प्याटप्प्याने वळत राहतो.

तेलाची साथ

दंड पूर्ण वेगाने फिरत असताना तो धारव्यातील तेल स्वतःच आपल्याखाली ओढून घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. मिनिटाला तीन-चार फेऱ्यांत मात्र असा थर नीट तयार होत नाही. धारव्याचे अस्तर मऊ मिश्रधातूचे असते. त्यावर कोरडा दंड घासला, तर ते खरवडले जाईल. म्हणून अनेक संचांत स्वतंत्र पंपाद्वारे अतिशय दाबाचे तेल दंडाच्या खाली सोडून त्याला मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढे उचलून धरतात. तेलाचा दाब पुरेसा नसेल, तर फिरविणारी यंत्रणा सुरूच होऊ नये, अशी व्यवस्था केलेली असते. तप्त दंडातून धारव्यांकडे वाहत येणारी उष्णता वाहून नेण्याचे कामही हेच तेल करते.

वीज केंद्रच अंधारात असते तेव्हा

फिरविणारी मोटर विजेवर चालते. मग वीज केंद्राचीच वीज गेली तर काय? ही शंका केवळ तात्त्विक नाही. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी देशातील वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य विभागांतील सुमारे ४८,००० मेगावॉटचा पुरवठा खंडित झाला. पश्चिम व दक्षिण विभाग त्यातून बचावले. अशा प्रसंगी केंद्रातील संच एकदम बंद पडतात आणि त्यांची यंत्रे चालविण्यास बाहेरूनही वीज मिळत नाही.

या प्रसंगासाठी बॅटरीवर चालणारा तेलपंप सज्ज ठेवलेला असतो. तो प्रथम धारव्यांचे रक्षण करतो. डिझेल जनित्रावर आवश्यक यंत्रे सुरू करण्यात येतात. तरीही दंड फिरविणारी यंत्रणा चालू झाली नाही, तर कामगार लांब दांडा लावून हातांनी दंड वळवितात. ठराविक वेळाने अर्धा फेरा दिला की खाली असलेली थंड बाजू वर येते आणि आलेला वाक हळूहळू उतरतो. दंड कोठे अडकला, तर बळजबरीने फिरवू नये, हा नियम कसोशीने पाळावा लागतो. वाट पाहणे हाच तेथे उपाय असतो. लाखो घरांना वीज देणाऱ्या यंत्राचे रक्षण अशा वेळी काही माणसांच्या दंडातील बळावर आणि त्यांच्या संयमावर अवलंबून असते.

संच पुन्हा सुरू करण्यापूर्वी दंडातील वाक मोजणाऱ्या उपकरणाचा आकडा पाहिला जातो. तो ठरलेल्या मर्यादेत येईपर्यंत वाफ सोडली जात नाही. बाष्पित्र पेटविणे, वाफेचा दाब वाढविणे, धातूच्या तापमानाशी वाफेचे तापमान जुळविणे हीदेखील वेळ घेणारी कामे आहेत. दोष दूर झाल्यावरही लागणारे तास येथे खर्च होतात. ते वाचविण्याची घाई केली, तर काही तासांऐवजी काही महिन्यांची वीज गमवावी लागेल.

बदलत्या काळातील महत्त्व

कोयनेसारख्या जलविद्युत् केंद्रातील टरबाइन थंड पाण्यावर चालते. तेथे उष्णतेने वाक येण्याचा प्रश्न नसल्याने संच काही मिनिटांत सुरू करता येतो. औष्णिक संचाला ही मुभा नाही. तो अखंड चालावा, अशाच अपेक्षेने त्याची उभारणी झाली. आता दिवसा सौर वीज मोठ्या प्रमाणावर मिळू लागली आहे व सूर्यास्तानंतर ती नाहीशी होते. त्यामुळे औष्णिक संचांना भार वारंवार कमी-अधिक करावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनी हे संच ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत कमी भारावर चालविण्याची तरतूद केली. इतक्या कमी भारावरही संच चालता ठेवण्याचे एक कारण असे की, त्यामुळे तो पूर्ण बंद करण्याची वेळ कमी येते. जेथे ती येते, तेथे प्रत्येक थांब्यागणिक ही सावकाश फिरविणारी यंत्रणा कामास लागते.

शाळेसाठी एक गणित

शिक्षकांनी पुढील गणित वरच्या वर्गात अवश्य घ्यावे. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० फेरे. ५० ला २ × ३.१४ ने गुणले असता ३१४ येतात. ३१४ चा वर्ग करून त्यास ०.०००१ मीटरने, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाने गुणावे. उत्तर सुमारे ९.८६ येते. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने पडणाऱ्या वस्तूचा प्रवेग ९.८ आहे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे का आले आणि त्याचा अर्थ काय, हे विद्यार्थ्यांनी स्वतः सांगावे. केसाएवढा वाक संपूर्ण दंडाच्या वजनाएवढे बल कसे निर्माण करतो, हे त्यांना कागदावरच दिसून येईल. आणि दिवा लागण्यास उशीर का होतो, या घरच्या प्रश्नाचे उत्तरही ते देऊ शकतील.