चेंडू खेळणारा यंत्रमानव

परवा चेंडूला लाथ मारताना मी धपकन पडलो. सगळे खो खो हसले. मग गुरुजींनी चार्लीची माहिती सांगितली.

चार्ली हा यंत्रमानव अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनवला. उंची सुमारे ५ फूट. त्याचा कॅमेरा चेंडू शोधतो, संगणक पाऊल कुठे टाकायचे ते ठरवतो आणि सांध्यांतल्या मोटारी पाय हलवतात. एक पाय उचलताना सगळा भार दुसऱ्या पायावर घ्यावा लागतो, नाहीतर तोसुद्धा पडतो! त्याचा धाकटा भाऊ चार्ली-२ हा २०११ साली तुर्कस्तानात इस्तंबूल येथे रोबोकप स्पर्धेत मोठ्या यंत्रमानवांच्या गटात पहिला आला.

आता मीही आधी डाव्या पायावर भार देतो, मगच लाथ मारतो. तुम्हीही करून बघा.